वाटेवरचे प्रश्न : देवगिरी कुठवर चढावा?

गेल्या अंकात देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या, खंदकाविषयी चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रंच पत्रं आली. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि त्यातल्या वीस-बावीस सहली तरी याच गडावर नेल्या, त्यामुळे बरेचसे प्रश्न ओळखीचे होते. एका पत्रानं मात्र मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. ते आधी घेते.

नमस्कार ताई. आमचे बापू ७३ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता घरात, शेतात चालतात, पण जिना नको म्हणतात. सातवीत असताना शाळेच्या सहलीतून ते दौलताबादच्या पार माथ्यावर गेले होते. ‘वरून सगळं औरंगाबाद दिसतं, एकदा परत बघायचंय,’ असं दिवाळीपासून चाललंय. भाऊ म्हणतो, कशाला उगाच, मोबाइलवर व्हिडिओ दाखवू. मला त्यांना न्यायचंय. बापू माळकरी आहेत, मनानं खंबीर आहेत. पण झेपेल का? — एक लेक, परतूर

न्या. भावाला सांगा, व्हिडिओत वारा लागत नाही. ज्या डॉक्टरांनी गुडघा केला त्यांना एकदा विचारा आणि ते हो म्हणाले की दिवस ठरवा. फक्त ‘माथ्यावर न्यायचं’ असं ठरवून निघू नका, ‘गडावर न्यायचं’ एवढंच ठरवा. यातला फरक मी माझ्या आईच्या गुडघ्यांवर शिकले. ते पुढं सांगते, आधी वाट सांगते.

वरपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या धरतात. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो, पण गडाचा पहिला मोठा भाग जवळजवळ चालत बघण्यासारखा आहे. तिकीट काढून आत शिरलात की महाकोटाचे, म्हणजे मधल्या तटाचे, दरवाजे लागतात, एकामागे एक, दर वेळी वाट वळवणारे. दाराच्या फळ्यांवर लोखंडी सुळे आहेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. तिथं बापूंना थांबवा, हात लावून बघू द्या. पुढं तोफा मांडलेल्या आहेत, मग हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि चांदमिनार. चढ सौम्य आहे, पण फरशीचे दगड कुठं वर आलेत, कुठं खचलेत, म्हणून काठी हवीच.

भारतमाता मंदिरात घाई करू नका. ही मूळची खिलजींच्या काळातली जामा मशीद, तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे. १९४८ मध्ये निजामाची राजवट गेल्यावर इथं भारतमातेची मूर्ती बसवली. बापूंच्या वयाच्या माणसांनी रझाकारांच्या दिवसांच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतात, आणि या खांबांत बसलं की त्या तोंडात येतात. माझे वडील तर पायातल्या वहाणा काढता काढताच बोलायला लागायचे. तुम्ही नुसतं शेजारी बसा. अर्धा तास गेला तर जाऊ द्या.

चांदमिनार ओलांडला की पायऱ्यांचा खरा चढ सुरू होतो. थोड्या पायऱ्या चढून चिनी महाल येतो. भिंतीत निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटून आहेत, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशहा, अबुल हसन तानाशहा, याला औरंगजेबानं इथंच कैदेत ठेवलं. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं ओतलेलं आहे, वळलेल्या शिंगांसकट. दुपारी हात लावला तर चटका बसतो, सकाळी ती गार असते.

हा बुरूज म्हणजे तुमचं पहिलं ठरवायचं ठिकाण. इथून खालचे तिन्ही कोट उलगडतात : बाहेरचा अंबरकोट, मधला महाकोट, आतला काळाकोट. समोर चांदमिनार, त्यापलीकडे शेतं आणि आग्नेयेला शहराची सुरुवात. बापू इथं खाली बसले आणि ‘झालं बाई’ म्हणाले, तर तिथंच थांबा. त्यांनी देवगिरी बघितला.

पाय म्हणत असतील तर पुढं खंदकावरचा लोखंडी पूल ओलांडा. पुलावर मध्यभागी उभं राहून समोरच्या कातळाकडे बघायला सांगा. अख्ख्या डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभी भिंत केली आहे, घोरपडीलाही धरायला जागा नाही अशी. तो तासीव कातळ बघितला की मला नेहमी गवंडी आणि वडार आठवतात, ज्यांची नावं कुठल्याच शिलालेखात नाहीत. बापू शेतकरी आहेत. विहीर खोदताना काळा दगड लागला की काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको. ते त्या भिंतीकडे माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा जास्त वेळ बघतील.

त्यापुढं अंधेरी, म्हणजे कातळात कोरलेला काळोखा बोगदा, मग पुन्हा पायऱ्या, मग गणपतीचं छोटं देऊळ आणि त्यानंतर बारादरीपर्यंतचा, म्हणजे वरच्या कमानींच्या महालापर्यंतचा, दमवणारा चढ.

आता आईचं. २००६ च्या डिसेंबरात मी तिला घेऊन गेले. ती तेव्हा ६६ वर्षांची, पाय दुखायचे, पण ‘तू म्हणतेस तर येते’ म्हणाली. गणपतीच्या देवळापाशी ती बसली आणि म्हणाली, ‘तू जाऊन ये, मी इथं बरी आहे.’ मला वाटलं, एवढं आलो तर आता थोडक्यासाठी कशाला. मी आग्रह केला. हात धरला, पदर सावरला, ‘ह्या इतक्याच आई’ असं म्हणत म्हणत तिला बारादरीत नेलं. वर पोहोचल्यावर तिनं शहराकडे बघितलंच नाही. भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटून बसली. उतरताना दर चार पायऱ्यांवर थांबावं लागलं, आणि घरी आल्यावर आठ दिवस गुडघे सुजून ती अंथरुणात. एका शब्दानं मला बोलली नाही. पुढं कधी देवगिरीचा विषय निघाला की ती बारादरीचं नाव घेत नसे. गणपतीपाशी एक म्हातारी भेटली होती, तिनं पिशवीतली काकडी काढून मीठ लावून अर्धी दिली, ते सांगायची. मी तिला तिथं बसू द्यायला हवं होतं.

म्हणून बापूंना विचारत राहा, आणि त्यांनी ‘बास’ म्हटलं की दुसऱ्यांदा विचारू नका. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, ऑपरेशन झालेल्या माणसाला तर फारच. परतीसाठी जाण्याइतकाच, किंबहुना जास्त वेळ ठेवा. उतरताना तुम्ही त्यांच्या एक पायरी खाली, तिरपं उभं राहून चला. हात धरून ओढू नका, तुमचा खांदा त्यांना धरू द्या. पायात रबरी तळाचे बूट, कोल्हापुरी नको.

बापू माळकरी आहेत म्हणता, तर त्यांना एक गोष्ट ठाऊक असेलच. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते. पैठणचा लहान वयाचा एकनाथ इथंच त्यांच्याकडे आला आणि राहिला. स्वामींचं स्थान अगदी माथ्याजवळ आहे. मला हीच काळजी वाटते. नुसतं शहर बघायचं असेल तर बापू वाटेत थांबतील, पण स्वामींच्या ओढीनं कदाचित थांबणार नाहीत. तेव्हा घरून निघतानाच बोलून ठेवा की पाय थकले तर खालून हात जोडू. स्वामी किल्लेदार होते, खालच्या दरवाजांतूनही त्यांचं रोजचं येणं-जाणं असणार. बापूंना हे पटेल असं मला वाटतं.

आणि शहर. बापू सातवीत होते म्हणजे साठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांनी वरून बघितलं ते दरवाज्यांचं, झाडांचं, छोटंसं औरंगाबाद होतं. आता छत्रपती संभाजीनगर पडेगाव, मिटमिट्यापर्यंत गडाच्या दिशेनं सरकत आलंय आणि दक्षिणेकडं वाळूजच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकतात. त्यांना ओळख पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. परतीच्या वाटेवर मकबऱ्यामागच्या औरंगाबाद लेण्यांच्या पायथ्याशी गाडी घ्या. तिथं थोड्याच उंचीवरून बिबी का मकबरा आणि त्यामागं पसरलेलं शहर एका नजरेत येतं, देवगिरीच्या माथ्यापेक्षा कितीतरी जवळून. मकबरा बापूंना नक्की ओळखू येईल.

गेलात की कळवा. कुठपर्यंत गेलात ते महत्त्वाचं नाही, बापू कुठं जास्त वेळ बसले ते लिहा.

ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. अंधाराला फार भितो. अंधेरीबद्दल चुलतभावांनी काहीबाही सांगून ठेवलंय, म्हणून गडावर यायलाच तयार नाही. भीती मोडावी म्हणून मुद्दाम न्यावं का? — एक आई, गंगाखेड

मुद्दाम नेऊ नका. अंधेरी माणसाला घाबरवण्यासाठीच केलेली आहे, त्यात त्या लेकराची काय चूक?

ती कशी आहे ते आधी तुम्ही समजून घ्या, म्हणजे त्याला खरं खरं सांगता येईल. कातळात कोरलेला वळणावळणाचा बोगदा आहे. पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या, म्हणजे अंधारात पळणाऱ्याचा पाय चुकावा. मध्येच कुठं उजेड दिसतो आणि माणूस तिकडं वळतो, तर तिथून थेट खंदकात जायची सोय. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण होतं, त्यावर निखारे पेटवले की खालचा बोगदा धुरानं आणि धगीनं भरायचा. मोहम्मद तुघलकाच्या काळात इथं आलेल्या इब्न बतूतानं तर या गडावरच्या कोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचं लिहून ठेवलंय. हे उंदीर मुलाला सांगू नका. माझा एक विद्यार्थी ते ऐकून आठवडाभर आईजवळ झोपला आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

पूर्वी वाटाडे मशाल घेऊन पुढं चालायचे आणि मध्यावर पोहोचलं की मशाल झाकायचे. त्या क्षणाला मोठी माणसंसुद्धा एकमेकांचे हात धरायची. आता टॉर्च असतात, पण वटवाघळांचा वास तसाच आहे, नाकाला झोंबणारा. टॉर्च छताकडं मारू नका, वटवाघळं उठतात आणि लेकरं किंचाळतात.

अंधेरीला बगल देऊन वर जाणाऱ्या बाहेरच्या पायऱ्या आहेत. अंधेरी त्या दिवशी खुली आहे का आणि कुठून वळायचं, हे खालीच रखवालदाराला विचारून घ्या. माझ्या वर्गातला सहावीचा एक मुलगा अंधेरीच्या तोंडाशी आला आणि रडायलाच लागला. बाकीची पोरं हसू लागली. मी वर्ग दुसऱ्या शिक्षकांकडं सोपवला आणि त्याला घेऊन बाहेरच्या पायऱ्यांनी वर गेले. आम्ही आधी पोहोचलो. तो बोगद्याच्या वरच्या तोंडाशी उभा राहिला आणि एकेक पोरगं डोळे चोळत बाहेर आलं की ‘थांब, तू कोण? परवानगी आहे का?’ असं दरडावून विचारू लागला. किल्लेदारच झाला तो. परतताना म्हणाला, ‘बाई, उतरताना मी आतून येऊ?’ आणि माझं बोट धरून आला.

तुमचा मुलगा असं म्हणेल किंवा म्हणणारही नाही. त्याला आधी वरून आत डोकावू द्या.

बारादरीवरून शहराचे फोटो काढायचेत. कोणता महिना, कोणती वेळ? — एक वाचक, जालना

शहर गडाच्या आग्नेयेला आहे. सकाळी त्या बाजूला बघाल तर ऊन डोळ्यांवर येतं आणि फोटोत नुसता पांढुरका धूर दिसतो, हिवाळ्यात तर जास्तच. साडेतीन-चारनंतर ऊन तुमच्या पाठीमागून पडतं, तेव्हा इमारती उजळतात. पण गड बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या, उतरायला तासभर धरा. महिना म्हणाल तर पाऊस नुकताच सरल्यावरचा, दसऱ्याच्या आसपासचा. हवा धुऊन निघालेली असते आणि गडाखालची शेतं हिरवी असतात. शिवाय खाली उतरलात की सीताफळाच्या पाट्या घेऊन बाया बसलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये जाऊच नका. काळ्या कातळाची धग वरून, खालून, बाजूनं, सगळीकडून लागते. एका एप्रिलात माझ्या वर्गातली एक मुलगी बारादरीच्या पायऱ्यांवर भोवळ येऊन बसली आणि आमच्याकडचं पाणी संपलेलं होतं. त्यानंतर उन्हाळ्यात मी सहल नेली नाही.

आणि बारादरीत बसाल तेव्हा कमानींकडंही बघा. १६३६ मध्ये शाहजहान येणार म्हणून ती बांधली. भिंतींवर नावं कोरलेली दिसतील. कृपा करून त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढू नका, नाहीतर बघणाऱ्यालाही कोरायची हौस येते.

बाई, मी नववीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की रामदेवरायाच्या किल्ल्यात धान्याऐवजी मिठाची पोती निघाली म्हणून देवगिरी हरला. हे खरं आहे का? आणि आमचा कंधारचा किल्ला बघायला कुणीच का येत नाही? — एक विद्यार्थिनी, कंधार

बाळा, तुझे दोन्ही प्रश्न मला फार आवडले.

मिठाची गोष्ट नंतरच्या फारसी इतिहासकारांनी लिहून ठेवलेली आहे. मी वर्गात ती सांगायचे, पण ‘असं सांगतात’ हे दोन शब्द लावून. तूही तसंच सांग. जे नक्की आहे ते असं : १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर आला, तेव्हा यादवांची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामदेवराय गडावर गेला. वेढा फार दिवस निभावला नाही आणि अलाउद्दीन अमाप सोनं-रत्नं घेऊन परतला. डोंगर चढून कुणी किल्ला जिंकला नव्हता. आत खायला काय आहे, यावरच सगळं ठरलं, म्हणून ती मिठाची गोष्ट लोकांच्या मनात बसली असावी.

हे पुन्हा एकदा घडलं, आणि ते मात्र ‘असं सांगतात’ न लावता सांगता येतं. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबतखानानं वेढा घातला. आत अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान होता. बाहेरचे कोट सुरुंग लावून पाडले गेले, पण आतला डोंगर तसाच उभा होता. मग आतलं अन्न संपलं आणि फत्तेखानानं किल्ला स्वाधीन केला. सरांना हेही सांग, त्यांना आवडेल. पुढच्या वेळी देवगिरीला गेलीस तर तोफांपाशी थोडं कमी थांब आणि हत्ती हौद नीट बघ. वेढ्यात माणसं पाण्यावर आणि धान्यावर तगतात, आणि तो हौद केवढा मोठा आहे ते काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता कंधारचं. लोक डोंगरावरचा किल्ला शोधतात, उंचावरून खाली बघायला मिळतं म्हणून. आपल्या मराठवाड्यात मात्र कंधार, औसा, परांडा, नळदुर्ग असे एकापेक्षा एक भुईकोट आहेत. तिथं चढायचं काही नाही, त्यामुळे लोक बाहेरूनच तटबंदी बघून निघून जातात. तुझं गाव तर राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं आहे. देवगिरीला डोंगर तासून जे साधलं, ते तुमच्याकडं खंदकात पाणी भरून साधलंय. या महिन्यात एकदा तटाच्या कडेकडेनं चालत जा, घरचं कुणीतरी बरोबर घेऊन, आणि खंदकात पाणी कुठवर आहे, कुठं झुडपं वाढलीत, कुठला दगड निसटलाय ते वहीत लिहून मला पाठव.